वस्त्र, देह आणि अलंकार : सहभागाचा एक नैतिक प्रश्न

कान्टच्या तिसऱ्या मीमांसेत (१७९०), चौदाव्या परिच्छेदाच्या अखेरीस, अलंकरणाविषयीचे एक छोटेसे विवेचन येते. चित्राची चौकट, पुतळ्यावरचे वस्त्र आणि प्रासादाभोवतीची स्तंभांची रांग ही तीन उदाहरणे तो तेथे देतो. कलाकृतीच्या आंतरिक घटकांत यांपैकी कशाचाही समावेश होत नाही. ती बाहेरून जोडलेली असतात, आणि आस्वादात त्यांच्यामुळे काही भर पडत असेल तर ती केवळ त्यांच्या आकाराच्या बळावर. अशा जोडीला तो ‘परेर्गॉन’ हा ग्रीक शब्द वापरतो : कृतीच्या कडेला असलेले, उपांग. आणि लगेच एक पायरी खाली उतरतो. चौकट सोन्याची असली आणि निव्वळ झगमगाटाने चित्राची शिफारस करू लागली, तर तिला उपांगाचीही प्रतिष्ठा उरत नाही. ती ‘श्मुक’ होते आणि खऱ्या सौंदर्याला बाधा आणते. जर्मन भाषेत ‘श्मुक’ या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ दागिना असाच आहे. वस्त्र आणि दागिना या दोहोंना कान्ट असा एकाच परिच्छेदात उंबरठ्याबाहेर बसवतो. फरक इतकाच, की वस्त्र उंबरठ्याला लागून बसते आणि दागिना अंगणात.

मराठीत रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) कान्टचा विचार चर्चेच्या केंद्रस्थानी आणला, तेव्हा साहजिकच स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याच्या भेदाकडे अधिक लक्ष गेले. अलंकरणाचा हा कोपरा तसा दुर्लक्षितच राहिला. देरिदाने ‘चित्रातील सत्य’ (१९७८) या ग्रंथात त्याच कोपऱ्यात ठाण मांडले. क्रानाखने रंगवलेली विवस्त्र ल्युक्रेशिया तो समोर ठेवतो. तिच्या हाती खंजीर आहे, अंगापुढे पारदर्शक वस्त्राची एक पट्टी आहे, गळ्यात हार आहे. यांतले उपांग कोणते, असे तो विचारतो. प्रश्नाचा रोख सीमारेषेवर आहे. मात्र देरिदा ज्या देहाविषयी हा प्रश्न विचारतो तो बलात्कारानंतर स्वतःवर शस्त्र चालवणाऱ्या स्त्रीचा देह आहे, या गोष्टीपाशी त्याचे विवेचन फारसे थांबत नाही. देहावर काय चढवले गेले, कोणी चढवले आणि ते उतरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे प्रश्न सीमारेषेच्या प्रश्नाहून निराळे आहेत. प्रस्तुत विवेचनाचा विषय ते प्रश्न आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिल्पकलेने कान्टचे हे उपांग उचलून केंद्रस्थानी आणले. पुतळा गेला, वस्त्र राहिले. रिओ द जानेरोमध्ये एलिओ ओइतिसिकाने १९६४पासून ‘पारांगोले’ नावाचे अंगरखे, झेंडे आणि पडदे रचायला सुरुवात केली. कापड, प्लास्टिक, गोणपाट यांच्या थरांनी बनलेला हा अंगरखा खुंटीवर टांगला की निर्जीव दिसतो. अंगात घालून नाचले की त्याचे थर उलगडतात, आणि उलगडणे हेच ते शिल्प. १९६५ साली रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘ओपिनियाओ ६५’ प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ओइतिसिका मांगेरा वस्तीतल्या सांबा नर्तकांना पारांगोले घालून घेऊन गेला आणि त्यांना आत प्रवेश नाकारण्यात आला. नर्तक बाहेर नाचले. अंगरखा कलाकृती म्हणून आत चालला असता. तो अंगात घातलेला माणूस चालला नाही. पुढे सहभागाविषयी जे काही लिहिले गेले, त्यातले पुष्कळसे या एका घटनेत आधीच सांगून झालेले आहे.

लिजिया पापेच्या ‘दिव्हिझोर’ (१९६८) या कृतीत तीस मीटर लांब व तितकेच रुंद पांढरे सुती कापड आहे. त्याला ठरावीक अंतरावर चिरा आहेत. प्रत्येक चिरेतून एक डोके वर येते आणि धड कापडाखाली नाहीसे होते. एक माणूस उजवीकडे वळला की ती ओढ शेजाऱ्याच्या मानेला जाणवते. कृतीच्या नावाचा अर्थ ‘विभाजक’, आणि काम मात्र जोडण्याचे. जर्मनीतल्या फुल्डा गावच्या फ्रान्झ एर्हार्ड वाल्थरने १९६३ ते १९६९ या काळात अठ्ठावन्न नगांचा ‘पहिला कृतिसंच’ सिद्ध केला : जाड सुती कापडाचे पट्टे, खिसे, पिशव्या, आच्छादने, बहुतेक माणसांनी वापरण्यासाठी. शिवण त्याची पत्नी योहाना हिची. (कलेतिहासात या शिवणीचा उल्लेख बराच काळ ओझरताच होत राहिला. सहभागाच्या कलेतही काही सहभाग कसे गृहीत धरले जातात याचा हा एक पुरावा.) या संचातल्या काही नगांत माणसे एका मोठ्या कापडी वेढ्यात उभी राहून मागे रेलतात. प्रत्येकाचा तोल इतरांच्या वजनावर अवलंबून असतो. कोणी बाहेर पडायचे ठरवले तर त्याला आधी सांगावे लागते.

या ‘सांगावे लागते’मध्येच सहभागाच्या नीतीचे मर्म आहे. वेढ्यातून बाहेर पडण्याची मुभा प्रत्येकाला आहे. कोणाला बांधलेले नाही, गाठ नाही, कुलूप नाही. पण बाहेर पडणे विनामूल्यही नाही. त्याची किंमत दुसऱ्याच्या तोलात मोजावी लागते. मुभा आणि किंमत ही दोन्ही एकाच वेळी असली तरच सहभाग या शब्दाला काही वजन येते. मुभा नसेल तर ती सक्ती. किंमत नसेल तर तो खेळ, फार तर करमणूक. वाल्थरच्या कापडाने ही दोन्ही टोके काही मिनिटांपुरती एकत्र धरून ठेवली.

काही मिनिटांपुरतीच, कारण उरलेला सगळा वेळ ते कापड घडी करून ठेवलेले असते. वाल्थर त्या अवस्थेला ‘साठवणरूप’ म्हणतो आणि तिलाही कृतीचा भाग मानतो. प्रामाणिक भूमिका आहे. पण कालांतराने संग्रहालयांना साठवणरूपच अधिक सोयीचे वाटू लागले. मूळ कापड जपले जाते, हाताळायला प्रतिकृती मिळते. लिजिया क्लार्कच्या बिजागरीच्या धातूपत्र्यांच्या ‘बिशोस’ (१९६० पासून) हातांनी उलगडण्यासाठीच घडवलेल्या होत्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१४ साली तिचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरले तेव्हा मूळ ‘बिशोस’ हाताच्या पल्ल्याबाहेर आणि प्रतिकृती प्रेक्षकांच्या हाती अशीच विभागणी होती. देहाने पूर्ण व्हावयाची कृती अशा रीतीने देहाविना पूर्ण मानली जाते, आणि देहाला तिची नक्कल दिली जाते. यात कोणाचा दुष्टावा नाही. वस्तू जपायची म्हटले की हे घडतेच.

मग या दालनातून बाहेर पडायचे कसे? क्लार्कने स्वतः एक वाट निवडली. १९७६नंतर तिने उशा, खड्यांच्या व हवेच्या पिशव्या अशा ‘संबंधवस्तू’ एकेका व्यक्तीच्या अंगावर ठेवून बंद खोलीत उपचार केले. त्याला कला म्हणण्याचाही आग्रह तिने सोडला. दुसरी वाट दागिन्याची. ती कमी प्रतिष्ठेची आहे आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगी.

या दुसऱ्या वाटेचे सरळ उदाहरण म्हणून व्हेनेझुएलाचा शिल्पकार हेसुस राफाएल सोतो घेता येईल. १९६७पासून त्याने ‘पेनेत्राब्ल’ रचले : छतापासून जमिनीपर्यंत सोडलेल्या नायलॉनच्या किंवा प्लास्टिकच्या असंख्य दोऱ्यांचे रान, ज्यात प्रेक्षकाने शिरायचे. न विणलेले वस्त्रच ते, नुसता उभा ताणा. आडवा धागा भरतो तो माणसाचा देह. त्याच सुमारास मिलानमध्ये जिआनकार्लो मोन्तेबेल्लोने ‘जेम’ ही कार्यशाळा सुरू केली आणि शिल्पकार-चित्रकारांकडून मर्यादित आवृत्त्यांचे दागिने करवून घेतले. फोंताना, मॅन रे, निकी द सँ फाल यांच्यासह सोतोनेही तिच्यासाठी दागिने योजले. फोंतानाने कॅनव्हासवर दिलेली चीर मनगटावरच्या धातूवर आली. सोतोच्या लोंबत्या रेषा कानाशी हलू लागल्या. समीक्षकांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच नाक मुरडण्याची होती. ज्या रानात कोणीही शिरू शकत होते त्याचा एक तुकडा कापून तो एका श्रीमंत कानाला विकला, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. पण पुरा खराही नाही.

आक्षेपाच्या मुळाशी अलंकाराविषयीची एक जुनी समजूत आहे, आणि ती केवळ कान्टची नाही. मम्मटाने काव्यातले अलंकार हारादी दागिन्यांसारखे मानले : ते अंगावर चढतात, अंगाच्या द्वारे कधी रसाला उपकारक होतात, कधी होतही नाहीत, ते नसले तरी देह देहच राहतो. काव्यशास्त्राची पुढची अनेक शतके या उपमेने सुखाने चालवली. तिला खरा अडथळा केला तो कुंतकाने, आणि तोही मम्मटाच्या आधी. अलंकार आणि अलंकार्य हा भेद समजून घेण्यासाठी पाडलेला आहे. वस्तुतः काव्य अलंकारासहितच काव्य असते, आधी देह आणि मग त्यावर चढवलेला हार असा क्रम तेथे नसतो, असे तो प्रतिपादतो. कुंतकाचा विषय भाषा आहे, आणि त्याचा विचार सोनाराच्या दुकानात नेताना सावध राहणे आवश्यक आहे. तरीही त्यातून एक उपयुक्त प्रश्न हाती लागतो : असा दागिना संभवतो का, की जो देहावर चढवलेला नसून ज्याच्यामुळे देहांमधला एखादा संबंध प्रथमच घडतो?

क्लार्कने ओइतिसिकासह १९६६ साली केलेला ‘हातांचा संवाद’ हे त्याचे उत्तर मानता येईल. इलॅस्टिकची एक पट्टी पीळ देऊन टोकाशी जोडलेली, म्हणजे मोबियसची पट्टी. ती दोघांच्या मनगटांना मिळून घालायची. एकाचा हात हलला की दुसऱ्याच्या मनगटाला ओढ बसते, दुसऱ्याने प्रतिसाद दिला की पीळ सरकतो. पट्टीची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे सांगता येत नाही, त्याचप्रमाणे हालचाल कोणी सुरू केली हेही लवकरच सांगता येईनासे होते. या वस्तूला वस्त्र म्हणावे तर ते अंग झाकत नाही. शिल्प म्हणावे तर ते उभे राहत नाही. साध्या भाषेत ते दोघांनी मिळून घालायचे एक कंकण आहे. सहभागाचे वस्त्र आणि दागिना यांची भेट येथे शिल्पकाराच्या हातून होऊन गेली आहे, आणि बाजार त्या प्रसंगी हजरही नव्हता.

आता आक्षेपाचे दुसरे अंग : मूल्यवान धातू. ॲनी आल्बर्स शिल्पकार नव्हती, विणकर होती. मेक्सिकोत मोन्ते आल्बानच्या थडग्यातले अलंकार तिने पाहिले. त्यांत सोने आणि स्फटिक यांच्या जोडीने साध्या शिंपल्यांनाही तितकेच मानाचे स्थान होते. ब्लॅक माउंटन कॉलेजात परतल्यावर ॲलेक्झांडर रीड या विद्यार्थ्याबरोबर १९४०च्या सुमारास तिने मोरीची जाळी, कागदाला लावायच्या टाचण्या, वॉशर, केसांचे आकडे यांपासून हार घडवले. त्यांतली युक्ती विणकराचीच आहे : एकसारखा घटक, पुनरावृत्ती, ताण. जाळीच्या चकतीखाली टाचण्यांची झालर सोडली की ती पदक होते, आणि तरीही जाळी जाळीच राहते. कोणी फसत नाही. शिवाय हार्डवेअरच्या दुकानातून हे सामान आणून कोणालाही तसाच हार करता येतो. वस्त्रशिल्पातला ‘कोणीही शिरावे’ हा भाग दागिन्यात ‘कोणीही करावे’ या रूपाने टिकतो, एवढे आल्बर्सच्या हारांनी सोतोच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला आणि पुढे म्युनिकच्या अकादमीत शिकवणारा ओट्टो क्युन्झ्ली हाच प्रश्न उलट्या बाजूने धरतो. ‘सोने आंधळे करते’ (१९८०) हे त्याचे कंकण काळ्या रबरी नळीचे आहे. आत सोन्याची गोळी आहे, असे सांगितले जाते; बाहेरून दिसतो तो फक्त एक फुगवटा. आत खरोखर सोने आहे की नाही हे पाहायचे तर नळी कापावी लागेल, आणि कापली की कंकण संपले. घालणाऱ्याने विश्वास ठेवायचा आहे. कान्टच्या सोनेरी चौकटीला येथे चोख उत्तर मिळते, कारण झगमगाट असूनही नाही. पण त्याहून महत्त्वाचे असे, की दालनातल्या सूचनाफलकाने जो सहभाग तासाभरापुरता मागितला असता तो येथे वर्षानुवर्षे, कोणाच्याही देखरेखीविना चालू राहतो. सुरी रोज स्वयंपाकघरात असते. ती न चालवण्याचा निर्णय रोजच नव्याने होत असतो, आणि त्या निर्णयाला प्रेक्षक नाही.

देखरेखीचा मुद्दा गौण नव्हे. संग्रहालयातल्या सहभागाला मर्यादा असते ती वेळेची तशीच नजरेची. सूचना वाचून, रांगेत उभे राहून, कर्मचाऱ्याच्या समोर केलेली मुक्त हालचाल कितीशी मुक्त? दागिना घरी जातो. तो हरवतो, गहाण पडतो, मुलीला दिला जातो, मोडून दुसरा केला जातो. कलावंताचा त्यावरचा ताबा सुटतो, आणि सहभागाच्या कलेने ज्या त्यागाची घोषणा केली तो प्रत्यक्षात घडतो तो येथे. आणखी एक गोष्ट अशी, की गळ्यातला हार घालणाऱ्याला दिसत नाही. तो समोरच्याला दिसतो. अंगठी आणि कंकण यांना हा नियम लागू नाही, पण हार आणि कर्णभूषण यांच्यापुरते असे म्हणता येते, की ज्याच्या अंगावर ते आहेत तोच त्यांचा सर्वांत वाईट प्रेक्षक असतो. त्या अर्थी खाजगी मालकीची ही वस्तू खाजगी उपभोगाची नाही.

तथापि येथवर दागिन्याची बाजू फार सोपी करून मांडली गेली, हे मान्य करावे लागेल. कान्टच्याच ग्रंथात सोळाव्या परिच्छेदात एक विलक्षण उल्लेख येतो. न्यूझीलंडचे रहिवासी गोंदवून घेतात तशा वेलबुट्टीने एखादी आकृती सुशोभित करायला हरकत नव्हती, ती आकृती माणसाची नसती तर, अशा आशयाचे ते वाक्य आहे. माओरींच्या गोंदणाचा अर्थ कान्टला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्यामागचा युरोपीय अहंकारही लपत नाही. पण अहंकार वजा केल्यावरही काही उरते : माणसाचा देह हा इतर पृष्ठभागांसारखा पृष्ठभाग नाही; त्यावर केलेली रचना केवळ रचना म्हणून तपासता येत नाही. डच कलावंत खेस बाकर याने १९७३ साली सोन्याची बारीक तार दंडावर, पायावर, कमरेवर आवळून बांधली. तार काढल्यावर कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना. बाकर आणि एमी व्हान लेर्सुम यांचे ॲल्युमिनियमचे मोठाले गळपट्टे १९६७ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात झळकले होते. त्या झळाळीपासून हा वळ फार दूर आहे. मालकी नाही, बाजारभाव नाही, काही वेळात तो मावळतो. कल्पना म्हणून निर्दोष. आणि तरी त्या छायाचित्रांपुढे एक अस्वस्थता येते, कारण स्त्रीच्या देहावरचा सोन्याने उठवलेला वळ ही प्रतिमा कलावंताच्या आधीही जगात होती आणि ती त्याने निर्माण केलेली नव्हती.

मराठी वाचकाला ही अस्वस्थता समजावून सांगण्याची गरज नाही. मंगळसूत्र हे नावाप्रमाणे सूत्रच आहे. सोन्याच्या वाट्या त्या धाग्यात ओवल्या जातात. वस्त्राचा धागा आणि दागिना यांचा संयोग, दोन व्यक्तींचा संबंध अंगावर वागवणारी वस्तू, समाजाने मिळून पूर्ण केलेली कृती : सहभागाच्या कलेने मागितलेले सारे काही त्यात आहे. नाही ती काढण्याची मुभा. ते काढण्याचे प्रसंग घालणारीने ठरवलेले नसत, आणि वैधव्यात ते काढणे ही मुभा नव्हे, तीही सक्तीच होती. जिला ते आज आपल्या इच्छेने घालता वा काढता येते तिलासुद्धा त्या काढण्याकडे इतरांच्या नजरा वळल्याचे जाणवते. वाल्थरच्या वेढ्यात मुभा आणि किंमत दोन्ही होत्या. येथे किंमत आहे, मुभा अपुरी. हौसेच्या आधुनिक दागिन्यात मुभा पुरेपूर, किंमत फक्त सोनाराच्या पावतीवर. शिल्पकार दागिन्याकडे वळला म्हणून त्याचा अधःपात झाला की नाही, हा प्रश्नच बहुधा चुकीचा मांडलेला आहे. या दोन टोकांपैकी कोणत्या टोकाला त्याचा दागिना जाऊन पडतो, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. सोतोचे कर्णभूषण हे देखणे असूनही दुसऱ्या टोकाला पडते. आल्बर्सचा हार अधला-मधला. क्युन्झ्लीचे कंकण स्वतःशीच केलेल्या करारापुरते दोन्ही सांभाळते.

उलट दिशेने गेलेल्यांकडे पाहिले तर ही कसोटी आणखी स्पष्ट होते. इंग्लंडची कॅरोलाइन ब्रॉडहेड दागिन्यांपासून सुरू झाली. नायलॉनच्या बारीक तंतूंनी विणलेला तिचा ‘व्हेल’ (१९८३) हा हार गळ्याभोवती कॉलरसारखा बसतो आणि वर ओढला की चेहऱ्यावर बुरखा होतो. तो किती वर ओढायचा हे घालणारी ठरवते. त्यानंतर ब्रॉडहेड हळूहळू दागिना सोडून वस्त्रांकडे आणि पुढे रिकाम्या, कोणीही न घातलेल्या कपड्यांच्या मांडणीकडे गेली. १९९७ साली तिला जेरवूड पारितोषिक मिळाले ते वस्त्रकलेसाठी. शिल्पकार वस्त्राकडून दागिन्याकडे जातो तेव्हा त्याला एक देह हवा असतो. ती दागिन्याकडून वस्त्राकडे गेली आणि तिला देहाची अनुपस्थिती दाखवायची होती. रस्ता एकच, जाण्याच्या दिशा दोन, आणि दोन्ही दिशांना उंबरठ्यावर तोच प्रश्न : आत कोण आहे, आणि त्याला बाहेर येता येते का?

क्युन्झ्लीची १९८०चीच दुसरी एक कृती आहे, ‘दोघांसाठी अंगठी’. दोन अंगठ्या, मधे ताठ दांडी. क्लार्कच्या इलॅस्टिकला लवचीकपणा होता. या दांडीला तो नाही. दोघांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर राहावे लागते, त्याहून जवळ येता येत नाही आणि दूरही जाता येत नाही. जेवणे, लिहिणे, दार उघडणे सगळे अवघड होते. विवाहाची थट्टा म्हणून ती पाहणाऱ्यांना हसू येते. तीत गाठ नाही, कुलूप नाही. दोघांपैकी कोणालाही आपले बोट केव्हाही सहज काढून घेता येते. तसे केले, की ती दांडी आणि तिच्या टोकाची रिकामी अंगठी दुसऱ्याच्या हाताला लटकत राहते.